ऊसतोड कुटुंबांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर कशा ठेवाव्यात?

प्रश्न (डॉक्टर, केज तालुका)
माझ्या दवाखान्यात येणारी बरीच कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. परतल्यावर रक्तदाबाच्या रुग्णांची औषधे बदललेली असतात, गरोदर स्त्रियांच्या तपासण्यांचे कागद कोपीत (फडावरच्या झोपडीत) गहाळ झालेले असतात, आणि मधल्या काळात काय घेतले हे कोणालाच नीट सांगता येत नाही. केसपेपर संगणकावर घेण्याचे मी ठरवले आहे. पण ती नोंद रुग्णाबरोबर फडापर्यंत कशी जाईल?

उत्तर (फिजिशियन, लातूर)
डॉक्टर, बहुतेक जण सॉफ्टवेअरची किंमत विचारतात. आपण नेमकी गोष्ट विचारली याचा आनंद वाटला. 14 अंकी आभा क्रमांक (आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा क्रमांक, ज्याला रुग्णाच्या डिजिटल नोंदी जोडता येतात) हा त्यावरचा अधिकृत मार्ग आहे. मात्र क्रमांक काढला म्हणजे नोंद तयार झाली, असे होत नाही. आपले सॉफ्टवेअर त्या व्यवस्थेशी जोडलेले हवे, समोरच्या दवाखान्याचेही हवे, आणि नोंद पाहण्यास रुग्णाची संमती हवी. घरात एकच मोबाईल असेल आणि तो पतीकडे असेल, तर संमतीचा ओटीपीही त्याच्याकडेच जातो. स्त्रीरुग्णांच्या बाबतीत मला ही अडचण सर्वांत गंभीर वाटते. म्हणून आभा जरूर जोडा, पण प्रत्येक रुग्ण निघण्यापूर्वी संगणकावरून एक पानाचा सारांश छापून द्या: निदान, शेवटचा रक्तदाब किंवा साखर, औषधांचे मात्रेसह तपशील, ॲलर्जी, गर्भवतीचा रक्तगट आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख. त्याच पानाचा फोटो तिच्या किंवा तिने सांगितलेल्या व्यक्तीच्या मोबाईलवर ठेवा. वीज गेल्यास संगणकासाठी इन्व्हर्टर पुरतो. नोंदींची रोजची प्रत मात्र वेगळ्या डिस्कवर, दवाखान्याबाहेर ठेवा.

उत्तर (औषध विक्रेता, माजलगाव)
सारांशात औषधाचे मूळ नाव अवश्य असावे. आपल्याकडचा ब्रँड तिकडच्या दुकानात नसतो, आणि केवळ ब्रँडचे नाव पाहून रुग्ण त्याच घटकाची दुसरी गोळी जोडीने घेत राहतो.

उत्तर (वैद्यकीय अधिकारी, अंबाजोगाई परिसर)
क्षयरोगाच्या बाबतीत हे काम निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीतून होते. खासगी डॉक्टरांनाही 2012 पासून क्षयरुग्णाची नोंद कळवणे बंधनकारक आहे, आणि रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यास त्याचे उपचार तेथील केंद्राकडे वर्ग करता येतात. आपले क्षयरुग्ण निघण्याआधी हे करून घ्या, कारण औषध मध्येच सुटणे क्षयरोगात सर्वांत महागात पडते.

इतर आजारांसाठी 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन (फोन किंवा व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक सूचना पाहाव्यात. प्रत्यक्ष तपासणीनंतर 6 महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी केलेला फोन हा पाठपुरावा मानला जातो. त्यानंतर तो पहिला सल्ला ठरतो आणि औषधे लिहून देण्यावर अधिक मर्यादा येतात. तोडीचा हंगाम साधारण तेवढाच असल्यामुळे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना निघण्याच्या आठवड्यात समोर बसवून तपासावे, म्हणजे तो काळ पुरेल. फोनवरच्या सल्ल्याचीही नोंद आपल्या संगणकात ठेवावी लागते. रुग्णाचे फोटो किंवा अहवाल डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटात टाकण्याची सवय मात्र आपण सर्वांनीच सोडायला हवी. सल्ला हवाच असेल तर रुग्णाला विचारून, नाव झाकून, एकाच तज्ज्ञाला पाठवावे.