‘पै.’ म्हणजे नेमकं काय?

मिरजेची सून
आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्यांमध्ये घडी घालून ठेवलेलं एक कात्रण मिळालं. तळहाताएवढं, पिवळं पडलेलं. वर्तमानपत्राचं नाव नाही, तारीख नाही. मजकूर असा: ‘आमचे वडील पै. … यांचे निधनप्रसंगी ज्यांनी समक्ष भेटून अथवा पत्रे, तारा पाठवून आमचे सांत्वन केले, त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.’ नाव नेमकं घडीवर आलंय, वाचता येत नाही. गाव तासगाव, पुढे ‘जि. द. सातारा’. शेवटची ओळ फाटलीय, ‘चाळिसाव्या’ एवढंच उरलंय. ते वय असावं. आमच्या घराण्यात कुणी पैलवान झाल्याचं ऐकिवात नाही. मग हे ‘पै.’ काय? आणि ‘द.’?

वाळवेकर
‘द.’चं सोपं आहे, ताई. दक्षिण. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणजे कात्रण त्या अकरा वर्षांतलं. (थोडं पुढेमागे धरा, जुना पत्ता लोकांच्या हातून लगेच सुटत नाही.)
‘पै.’ म्हणाल तर आमच्याकडे पैलवानच. यात्रेच्या फलकावर दहा नावं असली तर सहांच्या आधी पै. असतंच.

माहुलीकर
थांबा, वाळवेकर. वारलेल्या पैलवानाला ‘कै. पै.’ लिहितात. इथे वडील गेलेत, आभार मानून झालेत, मग ‘कै.’ कुठे आहे?
‘पै.’ म्हणजे पैगंबरवासीसुद्धा. कैलासवासी, वैकुंठवासी यांच्याच साच्यात मुसलमान घरांसाठी मराठीनं घडवलेला शब्द. ख्रिस्ती माणूस ख्रिस्तवासी होतो, लिंगायत लिंगैक्य होतो, बौद्ध घरात कालकथित लिहितात. एकाच घरात आजोबा ‘कै.’ आणि वडील ‘कालकथित’ दिसले, तर मधे १९५६ चं धर्मांतर येऊन गेलंय असं समजावं. जुन्या निधनवार्तांवरून वंशावळ जुळवताना मी नावाच्या आधी ही अक्षरं बघतो. नावं काय, प्रत्येक पिढीत तीच तीच येतात.
आणि ते ‘चाळिसाव्या’ वय नव्हे. चाळिशीत गेलेल्या माणसाची मुलं वर्तमानपत्रात आभार छापण्याएवढी मोठी असतील का? हिंदू घरांत दहावा, तेरावा; मुसलमान घरांत चाळिसावा. मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस. त्याचंच निमंत्रण असणार शेवटच्या ओळीत.

वाळवेकर
मान्य. फलक बघून फसलो. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, विधीच्या शब्दावरून भागही ओळखता येतो. आमच्या सांगलीकडे बातमीत ‘रक्षाविसर्जन’ येतं, साताऱ्याकडे ‘सावडण्याचा विधी’. सावडणं म्हणजे वेचून गोळा करणं, रक्षा म्हणजे राख. सकाळ तीच, तिसऱ्या दिवसाची. एका शब्दानं वेचणं धरलं, दुसऱ्यानं सोडणं. लहानपणी मला वाटायचं, माणूस गेल्यावर त्याच्या घराचं रक्षण काढून घेतात, ते रक्षाविसर्जन.

मिरजेची सून
माहुलीकर काका, सासूबाईंना विचारलं. आजेसासरे मूळचे तासगावकडचे. बांधाला बांध लागून एका मुसलमान घराचं शेत होतं, आणि दोघांचा बैलांचा पैरा होता, म्हणजे एकमेकांच्या औताला बैल द्यायचे. कात्रण त्यांचंच. पैरेकरी गेला म्हणून आजेसासऱ्यांनी ते उताऱ्यांत जपून ठेवलं. मी म्हटलं, “म्हणजे ‘पै.’ पैगंबरवासीच ना?” त्या हसल्या. “अगं, कुस्त्या मारायचे ते. हलगी लागली की मामंजी औत सोडून त्यांच्यामागं पळायचे. दोन्ही पै. लाव.”