मदत हवी आहे: स्ट्राइक डोक्यात बसंना आणि मंगळाच्या हवेचं गणित उलटं येतंय

जांभ्यातला_पोरगा:
नमस्कार मंडळी. बीएस्सी शेवटचं वर्ष, जिऑलॉजी, कोल्हापूर. रविवारी टेस्ट आहे आणि स्ट्रक्चरल (दगडाचे थर कसे तिरके होतात, वाकतात, तुटतात ते) अन् ग्रहांची वातावरणं हे दोन टॉपिक एकाच पेपरात टाकलेत, का ते मला विचारू नका.

अडचण अशी की आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला, चुलते दगडाच्या खाणीवर, म्हणजे लहानपणापासून दगडातच वाढलोय म्हटलं तरी चालेल, पण इकडं जिकडं बघावं तिकडं बेसॉल्टचे थर आडवेच, भाकरीची चवड रचल्यागत, मधे कुठंतरी लाल मातीचा पट्टा आणि वर पन्हाळ्याला टोपी घातल्यागत जांभा. तिरका थर म्हणून मी डोळ्यानं बघितलेलाच नाही. डिप म्हणजे उतार एवढं कळतंय, पण स्ट्राइक म्हणजे नक्की कुठली रेघ? आणि हे गणित बघा: थराचा स्ट्राइक उत्तर-दक्षिण, डिप ४० अंश पूर्वेला, सेक्शन (जमीन उभी कापल्यागत चित्र) उत्तरेपासून ३० अंश पूर्वेकडं काढलाय, तर सेक्शनात थर किती अंशानं तिरका दिसेल? मला ३६ येतंय, पुस्तकात २३ दिलंय. तीनदा केलं. तीनदा ३६.

दुसरं, मंगळाची हवा एवढी विरळ, जमिनीवर दाब ६ मिलिबारच्या आसपास, आपला १०१३. मग स्केल हाइट मंगळाची ११ किलोमीटर आणि आपली साडेआठ, हे कसं काय? विरळ हवेची उंची जास्त? आणि शनीचा चंद्र टायटन तर मंगळापेक्षा लहान, तरी त्याच्यावर दाब आपल्या दीडपट. इथं माझं डोकं बंद पडलं.

फॉर्म्युला नको, पाठ आहेत. असं का होतं ते सांगा.

बोअरवाला_काका:
अरे पोरा, तू कोल्हापूरचा ना, मग संध्याकाळी रंकाळ्यावर जा, भेळ नंतर खा. एक फळी घे आणि तिरकी करून अर्धी पाण्यात बुडव. पाणी फळीला जिथं टेकतंय ती रेघ म्हणजे स्ट्राइक. झालं. पाणी कायम सपाट, म्हणून स्ट्राइक कायम आडवा, त्याला उतार नसतोच, नुसती दिशा असते. आता फळीच्या वरच्या टोकाला पाण्याचा थेंब सोड, तो सरळ खाली जिकडं पळतोय ती डिपची दिशा, आणि फळी पाण्याशी जेवढा कोन करतीय तेवढा डिप. थेंब स्ट्राइकला बरोबर ९० अंशात पळतो, तिरपा पळत नाही.

आणि तुझं ३६ कुठनं आलं ते सांगतो. तू कॉस घेतलायस. ४० चा टॅन ०.८३९, त्याला ३० च्या कॉसनं, ०.८६६ नं गुणलंस की ३६ येतं. कोन स्ट्राइकपासून मोजला असेल तर साइन घ्यायचा, ०.८३९ गुणिले ०.५, म्हणजे ०.४२, आणि तो टॅन जवळजवळ २३ अंशाचा. पाठांतर करू नकोस, असं तपासत जा: सेक्शन अगदी स्ट्राइकवरनंच काढला तर थर कसा दिसेल? आडवा, शून्य अंश. साइन शून्य देतो, कॉस पूर्ण ४० देतो. मग चूक कोण ते लगेच कळतंय की नाही? घाट चढताना गाडी नागमोडी घेतली की चढ कमी लागतो, तसंच हे. खरा डिप सगळ्यात जास्त, बाकी कुठल्याही दिशेनं बघ, कमीच दिसणार.

तिरके थर बघायचेच असतील तर बागलकोटच्या बाजूला जा. कलादगीचे जुने थर तिथं घड्या पडून वाकलेत आणि त्यांच्यावर बदामीचा वाळूखडक जवळजवळ सपाट बसलाय, बदामीची लेणी कोरलीत तोच. खालचे वाकले, झिजले, मग वरचे साचले. मधल्या त्या सांध्याला अनकन्फॉर्मिटी म्हणतात, आणि माझ्या मते ती एकदा प्रत्यक्ष बघितली की अर्धं स्ट्रक्चरल झालं.

रात्रपाळी:
काकांनी दगड घेतला, मी हवा घेतो.
भावा, स्केल हाइट म्हणजे हवेची जाडी न्हवं. दाब साधारण ३७ टक्क्यांवर यायला किती वर चढावं लागतं, ते अंतर. एकाच्या खिशात १०१३ रुपये, दुसऱ्याच्या खिशात ६. स्केल हाइट खिशात किती आहेत ते सांगतच नाही, किती लवकर संपतात तेवढंच सांगते. मंगळाचं गुरुत्व ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, आपलं ९.८, तिथली ओढ कमी म्हणून हवा सावकाश विरळ होत जाते. खरं तर अंतर आणखी वाढलं असतं, पण तिथं थंडी आहे आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणू जड, रेणुभार ४४, आपल्या हवेचा सरासरी २९, ते दोन्ही उलट ओढतात म्हणून ११ वर थांबलं. शुक्रावर जड कार्बन डायऑक्साइडच, पण तापमान ४६० अंशाच्या वर, म्हणून तिथं साधारण १६ किलोमीटर.
आपल्याकडंच बघ, कोल्हापुरातनं पन्हाळा चारेकशे मीटर वर, तेवढ्यात दाब साधारण ५ टक्के उतरतो.

टायटनचं कारण थंडी. उणे १७९ अंश. चंद्राचा सुटकेचा वेग (ओढीतनं निसटायला लागतो तो) सेकंदाला २.४ किलोमीटर, टायटनचा २.६, फारसा फरक नाही, पण चंद्रावर दुपारी १२० अंशाच्या आसपास तापतं, रेणू उड्या मारत सुटतात, टायटनवर ते गारठून बसलेत. मंगळाचं जुनं चुंबकक्षेत्र गेलं आणि सौरवाऱ्यानं हवा खरवडली, नासाचं मेव्हेन यान तेच मोजायला गेलं, २०१४ मधे आपल्या मंगळयानाच्या दोनच दिवस आधी पोचलं.

जांभ्यातला_पोरगा:
काका, रात्रपाळी, दोघांचेही आभार. एकच राहिलं, खाणीतल्या उभ्या भेगांना चुलते 'दगड फाटलाय' म्हणतात, तो फॉल्ट का?

बोअरवाला_काका:
दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकल्यात का बघ. एका बाजूचा लाल पट्टा दुसऱ्या बाजूला वर-खाली झालाय का? नसेल तर जॉइंट, लाव्हा थंड होताना आकसून तडकलेला. सरकला असेल तर फॉल्ट. तिरक्या फॉल्टच्या वरच्या अंगाचा भाग खाली घसरला तर नॉर्मल, म्हणजे ताण, वर चढला तर रिव्हर्स, म्हणजे दाब. आणि आडवा सरकला तर स्ट्राइक-स्लिप, कोयनेचा भूकंप झाला तो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे. आमची आई सांगायची, फळीवरचे डबे खाली आले आणि आजोबा चप्पल न घालता गल्लीत.

जांभ्यातला_पोरगा:
अपडेट. रंकाळ्याला जायला वेळ नव्हता म्हणून घरीच परातीत पाणी घेतलं आणि वहीचा पुठ्ठा तिरका बुडवला. बाहेर काढला तर ओल्याची रेघ तशीच राहिलेली, एकदम सरळ, तोच स्ट्राइक! पेननं गिरवून ठेवली. मग वरनं बघताना त्याच रेघेपासून ३० अंश दिसतील अशी पेन्सिल पुठ्ठ्यावर टेकवून बाजूनं बघितलं, पेन्सिल पुठ्ठ्यापेक्षा कमी तिरकी. कोनमापकानं २४ आलं, पुठ्ठा भिजून वाकला होता म्हणून एक अंश सोडा. आईनं परात मागितली, तिला कणीक मळायची होती.