जंताची गोळी नाकारणारी वहिनी: खुळी की शहाणी?

रानजाई
भाच्याच्या शाळेत जंतनाशक दिनाची गोळी वाटली. वहिनीने आदल्या दिवशीच डायरीत लिहून पाठवलं, 'आमच्या मुलाला देऊ नये.' का, तर पोटात चार जंत असलेले बरे, ॲलर्जी होत नाही! मी आधी हसले. मग वाचायला बसले आणि आता वाटतंय, बाई अगदीच हवेत बोलत नाहीये. आयजीई ही अँटिबॉडी मुळात कृमींशी लढायला घडली असं मानतात. कृमी गेले, आता ती परागकणांवर दात खात बसलीय. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमधल्या सतरा हजारांवर मुलांची माहिती तपासली, तर भावंडं जितकी जास्त तितकी परागकणांची सर्दी कमी. भावंडांकडून लहानपणी संसर्ग होतात म्हणून, असा त्यांचा तर्क. गॅबनमध्ये तर शाळकरी मुलांना कृमींवर पुन्हा पुन्हा औषध दिल्यावर त्वचेच्या चाचणीत धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी वाढलेली दिसली. मग वर्षातून दोनदा सरसकट गोळी कशाला? ज्याला जंत आहेत त्याला द्या की.

कोयनाकाठ
असहमत. 'दात खात बसलीय' ऐकायला छान, पण जंत असलेल्याच्या रक्तात आयजीई उलट भरमसाट वाढलेली असते. तरी त्याची ॲलर्जी दबते, कारण जंत स्वतःचा जीव वाचवायला आपली प्रतिकारशक्तीच थंड करतो. सोय त्याची, आपली नव्हे. बीसीजीसारख्या लशीला मिळणारा प्रतिसादही त्यात मंदावतो.

आणि अंकुशकृमी अनवाणी पायातून शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. माझी आई भातलावणीला जायची. लोहाच्या गोळ्या वर्षभर खाल्ल्या, फरक शून्य. जंताचं औषध घेतलं तेव्हा कुठे चेहऱ्यावर रक्त दिसलं. ज्यांच्या घरी फरशी आणि पायात बूट आहेत त्यांनाच जंतांचं प्रेम परवडतं.

पावशेर_शंका
गरिबी मध्ये आणली की वाद संपला, असं नको. रानजाई लागण सोसा म्हणत नाहीये. मोजून, देखरेखीखाली दिले तर? टर्टन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने स्वतःला अंकुशकृमी लावून घेतले आणि दोन उन्हाळे त्याची परागकणांची सर्दी गायब झाली, असं त्याने १९७६ मध्ये लिहिलं. शिवाय गावाकडे ॲलर्जी आहे कुठे?

कोयनाकाठ
गावाकडे नाही? गाजरगवत उपटून अंगभर खाजवत बसलेले शेतकरी दाखवतो, या.

खोकल्याचं_औषध
कोयनाकाठ, बाजू तुमची बरोबर, उदाहरण चुकलं. गाजरगवताचा तो त्वचारोग टी-पेशी या रक्तातल्या संरक्षक पेशींचा, आयजीईचा नाही. त्यावरून जंतांचा वाद सुटत नाही.

पावशेर, टर्टन हा एकच माणूस, तोही स्वतःचाच परीक्षक. डेन्मार्कमध्ये शंभर जणांवर रीतसर चाचणी झाली, निम्म्यांना डुकरातल्या चाबूककृमीची अंडी, निम्म्यांना नुसतंच पाणी म्हणा ना. सर्दीत काडीचा फरक नाही. दम्यावर अंकुशकृमी वापरून पाहिला, ठोस फायदा दिसला नाही. आणि 'जंत' म्हणजे एकच प्राणी नव्हे. गोलकृमीची अळी फुप्फुसातून फिरून येते. त्याची लागण असलेल्यांत दमा कमी नाही, थोडा जास्तच आढळतो.

गॅबनचा मुद्दा खरा आहे, पण चाचणीत कातडीवर गांधी उठणं आणि प्रत्यक्ष धाप लागणं यांत अंतर आहे. एक्वादोरमधल्या शाळांत वर्षभर दर दोन महिन्यांनी अल्बेंडाझोल, म्हणजे हीच जंताची गोळी, दिली, ॲलर्जी वाढली नाही. सरसकट का देतात, तर प्रत्येक पोराचं शौच तपासण्यापेक्षा ही गोळी स्वस्त पडते, आणि जंत नसले तरी सहसा त्रास होत नाही.

रानजाई
बरं, गोळीचा मुद्दा सोडला. पण स्ट्रॅचनचं काय? ते तर जंतांबद्दल नव्हतंच.

खोकल्याचं_औषध
तेच सांगत होतो. तिथे वजन निरुपद्रवी जिवाणूंकडे जातं. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन ख्रिस्ती पंथ, दोघेही शेतकरी, वंशही जवळचे. आमिश मुलं घराला लागून असलेल्या गोठ्यात वाढतात, हटराइटांची शेती यंत्रांची आणि वस्तीपासून लांब. आमिश मुलांत दमा कितीतरी कमी. फरक गोठ्याच्या धुळीचा. उलट आरएसव्हीसारखा विषाणू तान्हेपणी छातीत उतरला तर पुढे घरघरीचा धोका वाढतो. म्हणजे 'संसर्ग चांगला' हेही सरसकट नाही.

रानजाई
वहिनीला हे सगळं पाठवलं. उत्तर आलं: 'मग काय गोठ्यात नेऊन ठेवू त्याला?' तिच्या माहेरी दोन म्हशी आहेत, ती खरंच नेईल.

कोयनाकाठ
नेऊ द्या. गोळी घेऊन, आणि पायात चप्पल घालून.