'सर्व्हायव्हर'ला मराठीत काय म्हणाल?

मेलबर्नकर

मंडळी, तीन दिवस एका मथळ्यावर अडकले आहे, मदत हवी.

मी इथे मेलबर्नमध्ये अधूनमधून भाषांतराची कामं करते. एका समुपदेशन केंद्राचं आठ पानी माहितीपत्रक मराठीत करायला आलंय. ज्यांच्यावर धर्मगुरूंकडून लैंगिक अत्याचार झाले अशा, आता मोठ्या झालेल्या माणसांसाठी आहे. आठही पानं झाली. मुखपृष्ठावरच्या 'सर्व्हायव्हर', 'रिकव्हरी' आणि 'ग्रोथ' या तीन शब्दांनी दमवलंय.

आधी सरळ 'पीडित' लिहिलं. केंद्रातल्या बाईंनी शब्दशः अर्थ विचारला. मी म्हटलं, ज्याला पीडा झाली तो. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो अजून तिथेच आहे का?" मला उत्तर सुचलं नाही.

थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांवर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं होतं, २०१३ ते २०१७. आठ हजारांहून जास्त माणसांनी बंद खोलीत आपली हकिगत सांगितली. झालेली गोष्ट पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला त्यांना सरासरी २३.९ वर्षं लागली होती. तेव्हा हे पत्रक ज्याच्या हातात पडेल तो चाळिशीचा असेल, कदाचित साठीचा, नातवंडं असलेला. त्याला 'पीडित' म्हणताना हात अडखळतो. 'वाचलेले' लिहिलं तर अपघातातून वाचलेले वाटतात. काय करू?

कोर्टकचेरी

'पीडित' आमच्याकडे (नाशिक) रोजच्या वापरातला. फिर्यादीत, आरोपपत्रात, बातमीत. त्याला कारण आहे. नाव छापता येत नाही. पूर्वी भारतीय दंड विधानाचं २२८-अ होतं, आता न्याय संहितेचं कलम ७२. त्यामुळे 'पीडिता' हेच त्या बाईचं नाव होऊन बसतं. पीडिता शाळेत गेली, पीडितेने आईला सांगितले. खटला संपतो, नाव चिकटलेलंच राहतं. कायद्याच्या कामापुरता शब्द ठीक, माहितीपत्रकात नको.

आणखी एक. बातम्यांमध्ये बहुतेक वेळा पीडिता भेटते, पीडित क्वचित. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांचा जॉन जे कॉलेजकडून अभ्यास करून घेतला (२००४). १९५० ते २००२ या काळातल्या १०,६६७ तक्रारदारांची नोंद त्यात आहे, आणि त्यांतले ८१ टक्के पुरुष. मराठीत पुरुषासाठी शब्दच अपुरे. 'विनयभंग' त्याला लागू नाही, 'अब्रू गेली' त्याच्याबद्दल म्हणत नाहीत, 'अतिप्रसंग' म्हटलं की डोळ्यांपुढे बाईच येते. मग पोरगा सांगणार कोणत्या शब्दांत?

पासबुक

जरा अवांतर. मराठी माणसाला 'सर्व्हायव्हर' पहिल्यांदा भेटतो तो बँकेत. जॉइंट खातं, 'ईदर ऑर सर्व्हायव्हर'. त्याचं भाषांतर 'उत्तरजीवी'. म्हणजे नवऱ्यामागे उरलेली बायको. ताई, 'उत्तरजीवी' चुकूनही लिहू नका, लोक वारसाची कागदपत्रं घेऊन येतील.

आणि 'रिकव्हरी'चा अर्थ आमच्या शाखेत एकच, थकीत कर्जाची वसुली.

कोचीचा मुक्काम

इथे मल्याळममध्ये हाच वाद आधी होऊन गेलाय. पूर्वी वर्तमानपत्रं 'इरा' लिहायची, म्हणजे भक्ष्य. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवरच्या हल्ल्याचं प्रकरण झालं, आणि त्या चर्चेत 'अतिजीविता' रुळला. पुढे तिने स्वतःच पीडित ते सर्व्हायव्हर या प्रवासाबद्दल जाहीरपणे लिहिलं. आता चॅनेलवाले सर्रास अतिजीविता म्हणतात. मराठीत उचलायला काय हरकत?

कोर्टकचेरी

हरकत काही नाही, पण आमच्याकडे तो शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकातून आल्यासारखा वाटेल. मल्याळममध्ये संस्कृत शब्द घरातल्यासारखा वावरतो, आपल्याकडे सोवळं नेसून येतो.

म्युनिककर

जर्मनीतली गंमत सांगतो. गंमत म्हणजे गंमत नव्हे. जर्मनमध्ये पीडिताला 'ओप्फर' म्हणतात, आणि वेदीवर वाहिलेल्या बळीलाही 'ओप्फर'च. आपल्या 'बळी'सारखंच, एका शब्दात दोन्ही. वर शाळकरी पोरं एकमेकांना चिडवायला "तू ओप्फर!" म्हणतात. २०१० मध्ये बर्लिनच्या एका जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाच्या) शाळेतलं प्रकरण बाहेर आलं आणि देशभर लोक बोलू लागले. त्यातल्या अनेकांना हा शब्द नको होता. आता सरकारी समित्यांच्या नावांत 'बेट्रोफेने' असतं: ज्यांच्यापर्यंत गोष्ट येऊन लागली ते. बिशपांनी करून घेतलेल्या २०१८ च्या अहवालात असे ३,६७७ आणि आरोप असलेले धर्मगुरू १,६७०. तुमच्या कामाला 'ज्यांना झळ पोचली ते' कसं वाटतं?

वसईवाला

'झळ' महागाईची पोचते हो. इथे आग होती.

'बळी'बद्दल मात्र म्युनिककरांनी नेमकं बोट ठेवलं. आमच्या वसईत मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, 'मिस्साबलिदान' म्हणतात. वेदीवर फादर उभे, आणि हा मुलगा वेदीसेवक, घंटा वाजवणारा. त्याला तुम्ही पुढे आयुष्यभर 'अत्याचाराचा बळी' म्हणणार? ज्यांच्या तोंडी बलिदान हा शब्द दर रविवारी असतो त्यांना तो फार वेगळा ऐकू येतो.

'धर्मगुरूंकडून' हेसुद्धा तपासा. बाहेरच्याला वाटतं हुद्दा आहे, शिक्षक किंवा डॉक्टरसारखा. आमच्याकडे ती हाक आहे: फादर. बापाला जी हाक मारायची तीच. बिशप म्हणजे 'महागुरुस्वामी', प्रॉटेस्टंट मंडळींत 'पाळक'. यातला एकही शब्द लांबून बोलण्याचा नाही. म्हणून इथे 'गैरवर्तन' असला कचेरीतला शब्द खपत नाही. कुंपणानेच शेत खाल्लं, ही आपली म्हण जास्त खरी.

आणि ताई, 'आता मोठी झालेली माणसं' एवढ्यावर थांबू नका. अत्याचार झाला तेव्हाच मोठ्या असलेल्याही आहेत. धर्मभगिनी आहेत, सेमिनरीत धर्मगुरू व्हायला शिकणारे तरुण आहेत. धर्मगुरूंनी आणि बिशपांनीही धर्मभगिनींवर अत्याचार केल्याचं पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये, अबू धाबीहून परतताना विमानात पत्रकारांपुढे मान्य केलं. 'अॅडल्ट सर्व्हायव्हर'मध्ये दोन्ही मावतात. 'लहानपणी अत्याचार झालेले' म्हटलंत की दुसरे गळाले.

मेलबर्नकर

वसईवाले, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पान दोनवर दुरुस्ती करते.

कुंपणावरून आठवलं. इथून शंभरेक किलोमीटरवर बॅलरॅट नावाचं गाव आहे. २०१५ मध्ये तिथे कमिशनची सुनावणी चालू असताना लोकांनी एका जुन्या कॅथलिक शाळेच्या कुंपणाला रंगीत फिती बांधायला सुरुवात केली. मग कथीड्रलच्या कुंपणालाही. नाव पडलं 'लाऊड फेन्स'. मी गेले तेव्हा फिती उन्हाने विटलेल्या होत्या, काही नुसत्या दोऱ्या उरलेल्या, आणि त्यांच्यावरच कुणीतरी नव्या बांधलेल्या. जुनी कुणी सोडलेली दिसली नाही. माझ्या मसुद्यात याचं 'बोलकं कुंपण' केलंय.

उसाचा फड

नाव वाचून हसू नका, कोल्हापूरचा आहे. 'ग्रोथ'ला 'वाढ' नको. डॉक्टरच्या तोंडून 'वाढ' ऐकली की माणूस गाठीलाच घाबरतो. 'विकास' तर रस्त्यांचा आणि आमदारांचा. माझं मत 'फुटवा'. ऊस तोडला तरी बुडख्यातून पुन्हा फुटतो, तो खोडवा. तोडलेल्या जागेतून आलेलं नवं, याला याहून चपखल शब्द नाही.

टेकडीवरची

मी पुण्यात समुपदेशक आहे. शब्द सुरेख आहे, तरी मी विरोध करेन. ऊस तोडतो कोण? शेतकरी. कशासाठी? त्याला खोडवा हवा असतो म्हणून. 'फुटवा' म्हटलं की तोडणंही उपयोगाचं ठरतं. आमच्याकडे येणाऱ्यांना कुणीतरी आधीच ऐकवलेलं असतं, "देवाने तुला यातून घडवलं." त्यांच्या हातात पुन्हा तेच द्यायचं नाही.

ही 'ग्रोथ' आली कुठून तेही सांगते. टेडेस्की आणि कॅल्हून या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात ही कल्पना मांडली आणि १९९६ मध्ये तिची मोजपट्टी काढली. स्वतःच्या बळाची जाणीव, नव्या वाटा, नात्यांतली जवळीक, जगण्याचं मोल आणि श्रद्धेतला बदल, असे पाच भाग. आघातामुळे वाढ होते असा त्यांचा दावा नव्हता. आघातानंतर माणूस जी झुंज देतो तिच्यातून काहींच्या बाबतीत होते, एवढंच. आणि पाचवा भाग बघा. ज्यांच्यावर धर्मगुरूनेच अत्याचार केला त्यांच्यासाठी श्रद्धेतला बदल म्हणजे कधी देवाकडे परतणं असतं, कधी देवळाचं दार कायमचं ओढून घेणं. दोन्हीकडे माणूस सावरलेला असू शकतो.

आता शब्द सांगते: 'सावरणे'. तोल सावरतो, पदर सावरतो, घसरलेला माणूस सावरतो. यात पडणं नाकारलेलं नाही, आणि सावरायचं ज्याचं त्यानेच. 'बरे होणे' मी टाळते, ते तापाला ठीक. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग माणसांत परत येणं. मधल्या टप्प्यात माणूस बाहेरून पहिल्यापेक्षा वाईट दिसतो. घरचे घाबरतात, म्हणतात बोलायला लागल्यापासून बिघडलाय. त्याला 'बरा होतोय' कसं म्हणणार?

पासबुक

पण ताई, "सावर स्वतःला, लोक बघतायत" हेही आपणच म्हणतो ना? मयताच्या घरी दर दहा मिनिटांनी ऐकू येतं. ते गप्प बसवायचंच असतं.

टेकडीवरची

बरोबर पकडलंत. याला माझ्याकडे उत्तर नाही.

नुसताच वाचक

बरीच वर्षं नुसता वाचतो इथे. हा धागा दोनदा उघडून बंद केला.

मी बावन्न वर्षांचा आहे. गाव सांगत नाही. बोर्डिंगात होतो, सातवी ते नववी. वर सगळे शब्द मांडलेत, माझ्यापुरतं कोणता कसा लागतो ते सांगतो.

'वाचलेला': कुणापासून? नंतर सहा वर्षं ते दर नाताळात आमच्या घरी जेवायला यायचे. आई कपाटातलं काचेचं ताट काढायची, ते फक्त त्यांच्यासाठी. जेवण झालं की ते ताट मी धुवायचो.

'शोषण', 'अत्याचार' हे शब्द मला चाळिशीपर्यंत माझे वाटलेच नाहीत. तिथे मारहाण नव्हती. माझ्याकडे असलेला शब्द 'लळा' होता. त्यांनी मला लळा लावला होता. पेन दिलं, इंग्रजी शिकवलं, वडील वारले तेव्हा जवळ बसले. अजून माझ्या मुलाला कुणी म्हणालं की त्या सरांना तुझा फार लळा आहे, तर मी त्या सरांकडे बघत राहतो. तुमच्या पत्रकात हा शब्द कुठेतरी येऊ द्या. माझ्यासारखा माणूस 'अत्याचार' वाचून पान उलटेल, 'लळा' वाचून थांबेल.

'वाचा फुटली' असंही म्हणतात. मला वाचा फुटली नाही. मी बोललो. सत्तेचाळिसाव्या वर्षी, बायकोशी, भाजी निवडताना. त्याआधी अकरा वर्षं मनात वाक्य जुळवत होतो. फुटणं आपोआप होतं.

सावरण्याबद्दल पासबुक म्हणाले ते खरं. 'सावर' हा हुकूम आहे. 'सावरला' म्हटलं की लोकांच्या दृष्टीने फाइल बंद. मी सावरतोय. एवढं चालेल मला.

वसईवाला

दादा, लिहिलंत, बरं केलंत. आणखी काही बोलत नाही.

मेलबर्नकर, फक्त पत्रकातलं 'क्षमे'चं पान मला आधी दाखवा. मराठी बायबलात मत्तयच्या सहाव्या अध्यायातल्या प्रार्थनेत 'ऋण सोडणे' असा प्रयोग आहे. पासबुक यांना कळेल, ऋण सोडायचं की नाही हे ज्याचं येणं आहे तो ठरवतो. शाखेबाहेरच्या कुणी येऊन "सोडून दे रे" म्हणायचं नसतं. आमच्याकडे मात्र नेमके बाहेरचेच येऊन सांगतात.

कोर्टकचेरी

कायद्याचं एक वाक्य जमलं तर घाला, भारतातल्या वाचकांसाठी. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम ५ मध्ये शिक्षणसंस्थेबरोबर धार्मिक संस्थेतल्या माणसाने केलेला गुन्हाही अधिक गंभीर धरलेला आहे. आणि लहानपणी झालेल्याची तक्रार मोठेपणी करायला पोक्सोखाली मुदत नाही, असं केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. हा कायदा २०१२ चा, त्याआधीच्या घटनेला जुनी कलमं लागतात. तिथे वकील गाठावा. महाराष्ट्र सरकारची २०१३ ची मदत योजना आहे तिचं नाव 'मनोधैर्य'. सरकारी असून नाव बरं आहे. अर्जात मात्र परत 'पीडित'.

मेलबर्नकर

सगळ्यांचे आभार. केंद्रातल्या बाईंना तासभर फोनवर सगळं सांगितलं, काचेचं ताट सोडून. ते माझं सांगायचं नव्हतं.

मथळा असा ठरला: 'सावरताना: धर्मगुरूंकडून लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी'. 'सावरताना' बाईला, पुरुषाला सारखंच लागतं. 'लहानपणी' काढलं. 'ग्रोथ'ला मथळ्यात जागा दिली नाही. पान सहावर 'पुढचं आयुष्य' एवढंच आहे. फुटवा राहिला, फडवाले, माफ करा. पान तीनची सुरुवात आता 'लळा' या शब्दाने होते. क्षमेचं पान वसईवाल्यांना पाठवलंय.

डिझायनर म्हणतो ओळ मुखपृष्ठावर मावत नाही, 'सोसलेल्यांसाठी'ऐवजी 'पीडितांसाठी' केलं तर एक अक्षर वाचेल. मी त्याला टाईप लहान करायला सांगितलंय.