अनुभव धागा : छोट्या हॉलमधली रेसलिंग समोर बसून बघितली आहे का कोणी?

जर्सीकर:

शनिवारी फिलाडेल्फियाला बारशाला चाललो होतो. ९५ नंबरच्या हायवेवर साउथ फिली लागलं आणि मी बायकोला म्हटलं, "या पुलाच्या खालीच ती ईसीडब्ल्यू अरेना." तिने फोनमधून मान वर केली नाही. मागच्या सीटवरून चिरंजीव ओरडले, "बाबा, तू लाइव्ह रेसलिंग बघितलंयस?!" मग हॉल येईपर्यंत मी बोलतच सुटलो. बारशात एकालाही ऐकायचं नव्हतं, म्हणून इथे.

स्वॉन्सन आणि रिटनर रस्त्यांच्या कोपऱ्यावर गोदामासारखी बैठी इमारत आहे. एरवी तिथे बिंगो चालायचा. ९० च्या दशकात ईसीडब्ल्यू या रेसलिंग कंपनीने तिथे तळ ठोकला. २००१ मध्ये कंपनी बुडाली, पण हॉलमध्ये कुस्त्या होतच राहिल्या. आता २३०० अरेना म्हणतात. मी गेलो २००९ मध्ये, तेव्हा रिंग ऑफ ऑनर या दुसऱ्या रेसलिंग कंपनीचं टीव्हीसाठी रेकॉर्डिंग असायचं. रूममेट तेलुगू, टीव्हीवरच्या रेसलर अंडरटेकरचा परमभक्त. त्याला वाटलेलं धूर, घंटा, अंधार असं सगळं असेल. आत बघतो तर घडीच्या खुर्च्या, पॉपकॉर्नचा वास आणि काळ्या टी-शर्टातले टकले काका.

पहिली कुस्ती सुरू झाली आणि आवाजानेच दचकलो. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या, त्यावर बोटभर फोम आणि कॅनव्हास. माणूस पाठीवर पडला की खुर्चीच्या पायांतून कळतं. रॉडरिक स्ट्राँगने समोरच्याच्या छातीवर उघड्या पंजाची चॉप हाणली, तर अख्खा हॉल "ऊऊऊ" करून गप्प. छातीवर बोटं उमटलेली दिसत होती. निकाल आधी ठरलेला असतो, मान्य. पण छातीचं काय ठरवणार?

आणि मध्यंतरात तोच मार खाल्लेला माणूस टेबलामागे उभा राहून टी-शर्ट विकतोय, सुटे पैसे मोजतोय. टायलर ब्लॅक नावाचा लांब केसांचा एक पोरगा होता, तो पुढे सेथ रॉलिन्स नावाने मोठा स्टार झाला. केविन स्टीन म्हणजे आत्ताचा केविन ओवेन्स. तेव्हा त्यांच्याशी बोलायला रांगसुद्धा लावावी लागत नव्हती.

तर लिहा. बालेवाडी, टोकियो, जत्रा, काहीही चालेल. 'ते खोटं असतं' एवढंच लिहायचं असेल तर तेही लिहा, फक्त एकदाच.

मिसळमंडळ:

ते खोटं असतं.

(एकदाच लिहिलं.)

कर्वेनगरी:

बालेवाडी म्हणालात आणि राहवलं नाही. 'रिंग का किंग'!! २०११ चा डिसेंबर. मित्राच्या मामाने पास आणले होते. आम्ही कॉलेजातली सगळी टवाळ पोरं, निम्म्यांना कोण लढतंय हेच माहीत नव्हतं. टीएनए या अमेरिकन रेसलिंग कंपनीने भारतासाठी केलेला कार्यक्रम, संस्थापक जेफ जॅरेट स्वतः आलेला, स्कॉट स्टायनर, सात फुटी मॅट मॉर्गन, आपला महाबली वीरा. हरभजनसिंग ब्रँड अँबॅसिडर.

एकाच संध्याकाळी बरेच भाग उरकायचे. त्यामुळे एक माणूस येऊन सांगायचा, आता ओरडा, आता बू करा. पहिला तासभर आम्ही सांगितल्यावर ओरडलो. मग स्टायनर दोरांपाशी येऊन आमच्याच स्टँडकडे बघून काहीतरी बरळला आणि जे काही पुणेरी बाहेर पडलंय ना, ते कलर्सने दाखवणं शक्यच नव्हतं. जानेवारीत प्रसारण सुरू झाल्यावर आई प्रत्येक भागात मला गर्दीत शोधायची. एकदा माझा कोपर दिसला म्हणाली.

पुढचा सीझन काही आला नाही. फार वाईट वाटलं होतं.

रेवा_कुलकर्णीण:

कोपर 😂😂 आयांना कसा ओळखू येतो कोण जाणे. पोळ्या लाटतेय, नंतर लिहिते.

शिकागोचा_वारा:

@कर्वेनगरी, तुमच्या बालेवाडीत ब्रूटस मॅग्नस नावाचा गोरा उंच इंग्रज होता का? तोच निक ऑल्डिस! मी त्याला १ सप्टेंबर २०१८ ला 'ऑल इन' शोमध्ये बघितला, एनडब्ल्यूए या जुन्या रेसलिंग संघटनेचा चॅम्पियन बेल्ट कमरेला. कोडी ऱ्होड्सने त्याला हरवलं. कोडीचे वडील डस्टी ऱ्होड्सही याच बेल्टचे चॅम्पियन होते, त्यामुळे हॉलमध्ये बाप्ये रडत होते. मी पण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकाने ट्विटरवर विचारलं की रिंग ऑफ ऑनर दहा हजार तिकिटं विकू शकेल का, तर मेल्ट्झर नावाचे पत्रकार म्हणाले की इतक्यात तरी नाही. कोडी आणि यंग बक्स या रेसलर जोडीने ते मनावर घेतलं आणि स्वतःच्या खिशातून शो लावला. तिकिटं अर्ध्या तासात संपली. ११,२६३ माणसं. आम्ही चौघं चार लॅपटॉप उघडून बसलेलो, त्यात एकाचंच लागलं.

इतक्या गर्दीला छोटा हॉल म्हणता येणार नाही हे कळतंय. पण येणारा प्रत्येक जण छोट्या हॉलमधूनच आलेला वाटत होता. पार्किंगमध्ये अनोळखी लोक मिठ्या मारत होते.

कर्वेनगरी:

तोच तो मॅग्नस?? आम्ही त्याला "ए गोऱ्या, चल सिंहगडावर" म्हणून हाका मारल्या होत्या. पुढे चॅम्पियन झाला म्हणता. वा.

रांगडा_गडी:

कोल्हापूरचा आहे म्हणून बोलायला लागतंय. खासबागेत या. शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेलं मैदान, मधी खोलगट हौदा, कुठंबी बसा, कुस्ती दिसणार. आमचं आजोबा पहाटेच जाऊन जागा धरायचं. हलगी सुरू झाली की अंगावर काटा येतो. तांबडी माती, तिच्यात ताक, हळद, तेल. पाठ टेकली की चितपट, विषय संपला. ती दोरावरनं उड्या मारायची भानगड नाही.

पण खरं सांगायचं तर आमच्यातबी नुरा कुस्ती असतीच की. दोघं वस्ताद आधी ठरवून येतात, पब्लिकला अर्ध्या मिनिटात कळतंय आणि मग जे शिव्या घालतात ते ऐकण्यासारखं असतंय. फरक एवढाच की आमच्याकडं नुरा केली तर मार पडतो आणि तुमच्याकडं तिकीट लावतात 😄

जर्सीकर:

हे वाक्य फ्रेम करून लावतो.

मिसळमंडळ:

मी तेच म्हणत होतो.

वरळीची_सून:

सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, दारासिंगचं नाव कसं नाही आलं अजून? वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये 'फ्री स्टाइल' व्हायची. १९६८ साली मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, तेव्हा यांच्या चाळीत पेढे वाटले होते. किंग काँग नावाचा धिप्पाड पहिलवान यायचा, तो आला की पोरं खुर्चीखाली लपायची. मी विचारलं, "बाबा, ते ठरवून असायचं ना?" ते इतके चिडले की चहा न घेताच फिरायला गेले.

आता मीच फोन करून बोलावतेय.

ओहायोतला_विद्यार्थी:

मी वेगळ्या बाजूने लिहितो. मास्टर्स करताना पैसे नव्हते. आमच्या गावात माजी सैनिकांच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा शो व्हायचा आणि रिंग लावायला हात दिला की आत फुकट. चार लोखंडी खांब, तुळया, फळ्या, सगळं एका ट्रेलरमधून यायचं. दोर ताणताना हात सोलवटायचे. रात्री लढणारेही दुपारी आमच्याबरोबर फळ्या उचलायचे. पाच-सहा तास गाडी चालवून आलेले, मिळणार पेट्रोलपुरते.

बघायला शंभरेक माणसं. पहिल्या रांगेत एक आजी नेहमी, विणकाम घेऊन. खलनायक आला की सुया खाली ठेवून अशा काही शिव्या द्यायच्या की बस.

एकदा त्या खलनायकाने गर्दीत मला हेरलं. हॉलमध्ये दुसरा सावळा चेहराच नव्हता. माइक घेऊन म्हणाला, अरे वा, कॉम्प्युटर दुरुस्त करायला माणूस आलाय. लोक हसले. माझे कान तापले. दुपारी ह्याच माणसाबरोबर मी फळ्या उचलल्या होत्या. तेवढ्यात त्या आजी उठल्या आणि त्याच्यावर असल्या तुटून पडल्या की अख्खा हॉल माझ्या बाजूने ओरडायला लागला, आणि नायकाने त्याला उचलून आपटला तेव्हा मीच सगळ्यात मोठ्याने ओरडलो.

शो संपल्यावर रिंग सोडताना तो शेजारी आला. म्हणाला, लागलं असेल तर सॉरी, मला लोकांना माझ्यावर चिडवायचं होतं. मी "ठीक आहे" म्हटलं. ठीक होतं का, अजून ठरवता आलेलं नाही. त्याचं काम त्याने चोख केलं, पण कच्चा माल मी होतो. पुढच्या महिन्यात परत गेलो मात्र. आजींनी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती.

रेवा_कुलकर्णीण:

@ओहायोतला, वाचून गलबललं. आजींना माझा नमस्कार.

माझं छोटंसंच. लंडन, कॅमडनचं इलेक्ट्रिक बॉलरूम, प्रोग्रेस या रेसलिंग कंपनीचा शो, रविवार दुपार. नवरा घेऊन गेला, मी कुरकुरतच. एरवी तिथे गाण्यांचे कार्यक्रम होतात, त्यामुळे लोक फुटबॉलच्या चालींवर कुस्तीगिरांसाठी गाणी म्हणत होते, एकसुरात! आपल्याकडे आरतीला शेवटच्या कडव्यात जो गोंधळ होतो तसा अजिबात नाही. त्यांचा सगळ्यांना सांगितलेला नियम एकच, हलकटपणा करायचा नाही. बायकांच्या कुस्तीला पुरुषांइतकाच आरडाओरडा. मला वाटलेलं अचकट-विचकट काहीतरी ऐकावं लागेल. उलट शेजारचा टॅटूवाला माणूस "दिसतंय ना नीट?" म्हणून बाजूला सरकला.

घसा बसला, दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉल होता. बास, कुकर झाला.

टोकियोतून_मी:

ट्रेनमध्ये आहे, तुटक लिहितो. कोराकुएन हॉल. टोकियो डोमच्या शेजारच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर, १९६२ पासून. लिफ्टला रांग असली तर जिन्याने जा, भिंती चाहत्यांनी लिहून लिहून भरल्यात. आत सगळीकडून रिंग जवळ. नाव पुकारलं की लोक त्या त्या रंगाच्या कागदी फिती फेकतात. आतली पुठ्ठ्याची नळी आधी काढून घेतात, कोणाला लागू नये म्हणून. मग शिकाऊ पोरं धावत येऊन क्षणात गोळा करतात. कुस्ती सुरू झाली की शांतता, डाव चांगला पडला की टाळ्या. शेजारचे सूटवाले गृहस्थ ऑफिसातून थेट आलेले, डबा खाऊन रुमालाने तोंड पुसलं आणि मग जे किंचाळले...

स्टेशन आलं

डॉक्टर_साठे_नव्हे:

रक्ताबद्दल कोणीच कसं विचारलं नाही? बहुतेक वेळा खरंच असतं. मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा लपवतात आणि कपाळावर बारीक काप घेतात. कपाळाला रक्तपुरवठा भरपूर, त्यात घाम, म्हणून जखम छोटी असली तरी चेहरा माखतो. पडण्याचंही तंत्र असतं, हनुवटी छातीला आणि पाठ सपाट, म्हणजे मार पसरतो. तरी मणके आणि गुडघे चाळिशीत हिशेब मागतातच. घरी गादीवरही करू नका. माझ्याकडे दर सुट्टीत एक तरी पोरगं मनगट धरून येतं.

जर्सीकर:

चिरंजीवांना हा प्रतिसाद वाचायला दिला आहे. वाचून विचारतात, "मग ब्लेड कुठली वापरतात?" हिची नजर आता माझ्यावर आहे.

रांगडा_गडी:

😂😂 पोराला तालमीत घाला.

चिंगी_पुण्याची:

मी कधीच लाइव्ह बघितलं नाही, पण रेसलर्सची ट्रम्प कार्डं आठवतात का कोणाला? उंची, वजन, छाती, दंड. दादा मला मुद्दाम सगळी फालतू कार्डं द्यायचा. अगडबंब योकोझुनाचं कार्ड हातात आलं की मी फक्त "वजन!" ओरडायचे.

कर्वेनगरी:

योकोझुना म्हणजे वजनाचा हुकमी एक्का!! माझा संच अजून माळ्यावर आहे, तीन कार्डं कमी.

चिंगी_पुण्याची:

कुठली तीन? दादाचा डबा माझ्याकडे आहे. त्याला विचारणार नाही.

वरळीची_सून:

सासरे आले परत. म्हणतायत, त्या मिसळवाल्याचा नंबर दे.

मिसळमंडळ:

काकांना सांगा, दारासिंगचं सगळं खरं होतं 🙏