बडोद्याच्या शाळेसाठी जमवलेला निधी: द्यायचा कुणाकडे?

प्रेषक: सचिव, मंडळ

मंडळींनो, नमस्कार.

गणेशोत्सवात आपल्या मंडळाने बडोद्याच्या मराठी माध्यमाच्या शाळेसाठी जमवलेले पैसे अजून इथे परदेशातच पडून आहेत. कुणी म्हणतं कलेक्टर कचेरीला लिहा, कुणी म्हणतं सरळ आचार्यांकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे पाठवा. बहुतेकांना स्मार्ट बोर्ड द्यावासा वाटतोय. काका, तुम्ही त्याच शाळेत शिकलात. ती नक्की चालवतं कोण?

प्रेषक: काका

बाळ, ती शाळा नगर प्राथमिक शिक्षण समितीची. आपण बडोदेकर तिला स्कूल बोर्डच म्हणतो. हा साचा १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याचा. १९४९ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६०ला गुजरात वेगळं झालं, पण कायदा तोच राहिला. समितीवर बहुतेक सभासद नगरसेवकांनी निवडून दिलेले असतात, रोजचा कारभार शासनाधिकारी बघतात. पहिली ते आठवी त्यांच्याकडे. पुढे बरीचशी मुलं संस्थांच्या अनुदानित शाळांत जातात, तिथे जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांचा अंमल. कलेक्टर कचेरीला लिहून काही होणार नाही.

आता स्मार्ट बोर्डाचं. सयाजीराव महाराजांनी १८९३ला अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ला ते साऱ्या संस्थानाला लागू केलं, मुलींनासुद्धा. हे आपण दरवर्षी भाषणात ऐकतो. पण मधली तेरा वर्षं मला जास्त मोलाची वाटतात. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. दंड करायचा तर आधी शाळा पायी जाता येईल इतकी जवळ हवी, तिथे मास्तर हवा, हजेरीपट खरा हवा. मुलींसाठी बाया शिकवायला हव्यात, म्हणजे त्यांना तयार करणारं अध्यापन विद्यालय हवं. हुकूम एका दिवसात निघतो, ही तजवीज करायला वर्षं लागतात. गोखल्यांनी १९११ला सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. इंग्रज सरकारने पुढच्या वर्षी ते फेटाळलं, खर्च झेपणार नाही म्हणून!

महाराज शाळेपाशीही थांबले नाहीत. वाचायला शिकलेला मुलगा पुस्तकावाचून पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांनी ओळखलं. १९१०ला अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणलं आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरवली.

म्हणून माझं मत पुस्तकांना. आमच्या वेळी एकाच खोलीत सकाळी आमची मराठी शाळा आणि दुपारी गुजराती शाळा भरायची. दुपारच्या बाई फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून ‘भूंसवुं नहीं’ (पुसू नये) लिहून जायच्या आणि आम्ही उरलेल्या फळ्यावर शिकायचो. कपाट एकच, किल्ली दुपारच्या पाळीकडे. अशा जागी स्मार्ट बोर्ड बिघडला तर दुरुस्त कोण करणार? आपल्या पाळीला स्वतंत्र कपाट आणि भरपूर मराठी पुस्तकं द्यावीत.

प्रेषक: ताई (निवृत्त शिक्षिका)

काका, कपाट आणि पुस्तकं पटली, पण ‘आपल्या पाळीला’ हे नाही पटलं.

बडोद्याचा कायदा सगळ्यांसाठी होता, वर्ग मात्र एक नव्हता. अंत्यजांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होत नसत. महाराजांना मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. पंडित आत्माराम १९०८ला आले ते याच कामासाठी. ज्या बाबासाहेबांना बडोद्याची शिष्यवृत्ती १९१३ला कोलंबियाला घेऊन गेली, तेच १९१७ला संस्थानच्या नोकरीवर आले तेव्हा त्यांना याच शहरात राहायला जागा मिळेना. वेगळं कपाट, वेगळी किल्ली म्हटलं की मला हे सगळं आठवतं.

आज स्कूल बोर्डाच्या शाळेत येतात ती बहुतेक मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची मुलं. मराठी असोत वा नसोत, पुस्तकं त्यांनाही हवीच. कपाट एक ठेवा, मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही पुस्तकं घाला आणि किल्ली शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. मुलं पुस्तकं घरी नेतात की नाही, हे त्या आयाच सांगतील.

प्रेषक: काका

ताई, मान्य. कपाट दोन्ही पाळ्यांचं.

सचिवबाई, एक व्यवहाराचं लक्षात ठेव. मंडळाची नोंदणी परदेशातली, म्हणून हा पैसा तिकडे विदेशी देणगी ठरतो. ज्या संस्थेकडे त्याची परवानगी नाही तिच्या खात्यात भरू नकोस. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा त्यात मोडत नाही. तेव्हा कोण कोण तसं देऊ शकेल याची यादी कर. शासनाधिकाऱ्यांना पत्र मी गुजरातीत लिहितो, प्रत आचार्यांना. पुस्तकांची निवड ताईंनी करावी.

प्रेषक: सचिव, मंडळ

यादी रविवारपर्यंत करते. ताई, पहिली-दुसरीच्या मुलांसाठी मोठ्या अक्षरांची पुस्तकं जास्त घ्याल का?