गुडघे चिकटतात, घोटे लांब राहतात: साडेचार वर्षांच्या मुलीसाठी सल्ला हवा

रानजाई: लेक साडेचार वर्षांची. सरळ उभी राहिली की गुडघे टेकतात आणि घोट्यांत फट राहते. दुखत नाही, पळते-खेळते. घरचे खास बूट घ्या म्हणतात. घ्यावेत का? आणि फट मोजायची कशी?

पारिजात: बूट नकोत. बाळाचे पाय जन्मतः धनुष्यासारखे असतात, दीड-दोन वर्षांत सरळ होतात आणि मग गुडघे आत झुकायला लागतात. ३ ते ४ वर्षांच्या आसपास ते सगळ्यात जास्त झुकलेले दिसतात. ७-८ वर्षांपर्यंत ५ ते ७ अंशांवर येऊन थांबतात, मोठ्यांचेही तेवढेच असतात. बुटांनी, टाचेखालच्या पाचरीने किंवा रात्रीच्या पट्ट्यांनी हा क्रम लवकर उरकत नाही. पट्ट्यांनी मुलांची झोप तेवढी मोडते.

मोजताना अनवाणी, सपाट फरशीवर उभं करा. गुडघ्याच्या वाट्या अगदी समोर हव्यात, पावलं नव्हे. इथेच बहुतेकांचं चुकतं: वाट्या आत वळल्या की फट उगाच मोठी दिसते. गुडघे नुसते टेकू द्या, दाबू नका. आता आतल्या बाजूच्या घोट्यांच्या हाडांमधलं अंतर टेपने घ्या. तारीख घालून लिहून ठेवा, समोरून एक फोटोही काढा. दर सहा महिन्यांनी असंच.

कडुनिंब: मांड्या जाड असतील तरी अंतर जास्त येतं, ते ध्यानात ठेवा. हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं ते असं काही दिसलं तर: फट ८ सेंमीच्या वर, एकच पाय वाकडा, दुखणं किंवा लंगडणं, वयाच्या मानाने उंची कमी, सातनंतरही फट वाढतेय. मनगटं जाडसर वाटली तर मुडदुसाची, म्हणजे वाढत्या वयात हाडं मऊ राहण्याच्या आजाराची, शंका घ्या. तेव्हा रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व, चारही तपासायला सांगा. फॉस्फरस कमी असलेला मुडदूस नुसत्या ड जीवनसत्त्वाने बरा होत नाही, म्हणून डोस स्वतःहून सुरू करू नका. विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

रानजाई: मोजलं. ५ सेंमी, दोन्ही पाय सारखे. आणि आठव्या वर्षीही फट कमी झाली नाही तर?

पारिजात: मग उभं राहून कमरेपासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे, वाट्या समोर ठेवूनच. बाक खरंच जास्त असेल तर वाढ शिल्लक असताना गुडघ्याजवळच्या वाढपट्टीवर (हाड जिथून लांबीला वाढतं तो भाग) आतल्या बाजूने दोन स्क्रूंची छोटी प्लेट बसवतात. आतली वाढ रोखली जाते, बाहेरची चालू राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. मुलींची वाढ मुलांपेक्षा लवकर थांबते, म्हणून हे दहाव्या वर्षाच्या सुमारास विचारायला हवं. प्लेट बसवली तर तपासणी चुकवू नका, वेळेवर काढली नाही तर पाय उलट बाजूला वाकतो. सध्या मात्र सहा महिन्यांनी पुन्हा टेप घ्या, एवढंच.